ताबा आणि पीक

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अमौसीच्या विमानतळापासून फारशा दूर नसलेल्या सरोजिनी नगर या वस्तीत, संध्याकाळचे ऊन उतरू लागले की मुलांचे जे घोळके मैदानाकडे निघतात, त्यांत बॅट खांद्यावर टाकलेल्यांची संख्या अर्थातच मोठी असते. परंतु क्रीडा प्राधिकरणाचे विभागीय केंद्र आणि सैनिक शाळा यांचे सान्निध्य लाभल्यामुळे म्हणा किंवा काळाचा महिमा म्हणून म्हणा, फुटबॉल काखोटीला मारून जाणारी मुलेही येथे बरीच दिसतात. अशाच एका संध्याकाळी, विमानतळावर नोकरीस असलेल्या आमच्या एका मराठी शेजाऱ्यांचा तेरा वर्षांचा मुलगा गुडघे मातीने माखलेले आणि चेहरा उतरलेला अशा अवस्थेत माझ्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “काका, सगळा वेळ चेंडू आमच्याच पायांत होता. त्यांनी तीनदाच आमच्या गोलाकडे धाव घेतली, आणि दोन गोल केले. मग आम्ही हरलो कसे?”

त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण नेमका हाच प्रश्न १ जुलै २०१८ च्या रात्री अख्ख्या स्पेन देशाने विचारला होता. मॉस्कोतील लुझ्निकी मैदानावर विश्वचषकाच्या बाद फेरीत रशियाविरुद्ध त्यांच्या खेळाडूंनी १२० मिनिटांत एक हजाराहून अधिक पास दिले, सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि पेनल्टींवर यजमानांनी तो ४-३ असा जिंकला. चेंडू ज्याच्या ताब्यात, सामना त्याचा, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की ती खोटी ठरली म्हणजे माणसाला अन्याय झाल्यासारखे वाटते. या प्रकरणात आपण त्या समजुतीचा खरा भाग कोणता आणि कच्चा भाग कोणता, हे क्रमाने पाहू.

१. ताबा मोजतात कसा

‘ताबा’ हा शब्द महसूल खात्यात आणि फुटबॉलमध्ये सारख्याच अर्थाने वापरला जातो, ही मला मोठी सोयीची गोष्ट वाटते. जमीन एखाद्याच्या ताब्यात आहे याचा अर्थ वहिवाट त्याची आहे, एवढाच होतो. त्या जमिनीत पीक आले की नाही, याचा उल्लेख त्या शब्दात नसतो.

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असला, तरी चेंडू बाहेर जाणे, फाउल, थ्रो-इन, गोलकिक यांत बराच वेळ जातो आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो ढोबळ मानाने ५५ मिनिटे. एखाद्या संघाचा ताबा ६० टक्के होता असे आपण वाचतो, तेव्हा त्याचा हिशेब असा होतो की ३३ मिनिटे चेंडू त्यांच्याकडे होता आणि २२ मिनिटे प्रतिपक्षाकडे. म्हणजे ज्या ‘सगळ्या वेळा’ची तक्रार तो मुलगा करीत होता, त्यातही समोरच्याला वीस-बावीस मिनिटांची संधी होतीच. पुष्कळदा घड्याळ न लावता पासच मोजतात: एका संघाचे ६०० आणि दुसऱ्याचे ४०० पास झाले, की पहिल्याचा ताबा ६० टक्के धरतात. या दोन्ही पद्धतींत चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात होता, हे मुळीच उमटत नाही. स्वतःच्या गोलासमोर दोन बचावपटूंनी आपापसांत केलेली देवघेव आणि प्रतिपक्षाच्या गोलासमोर चौघांनी रचलेली गुंफण या दोहोंची नोंद एकाच रकान्यात होते.

२. चेंडू धावतो, माणूस दमतो

आता या पद्धतीचे सामर्थ्य पाहू. वर्तुळात उभ्या राहिलेल्या मुलांनी मधल्या एकाला चुकवीत चेंडू फिरवायचा, हा खेळ आपण सर्वांनी अंगणात खेळलेला आहे. स्पेनमधील प्रशिक्षक त्यालाच ‘रोंदो’ म्हणतात आणि बार्सिलोनासारख्या जगद्विख्यात संघाचा सराव त्यावर उभा असतो. कडेला पाच आणि आत दोन असे खेळाडू ठेवून एकाच स्पर्शात चेंडू पुढे धाडायचा; आतल्या दोघांनी तो हिसकावून घेतला की चूक करणारा आत येतो. ताब्याच्या डावपेचाचे सारे बीज या अंगणातल्या खेळात आहे.

आतला माणूस का हरतो, याचे गणित अगदी सोपे आहे. चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने लोटला आणि पास २० मीटरांचा असला, तर तो सव्वा सेकंदाच्या थोडा पुढे मुक्कामी पोहोचतो. चांगला धावपटू त्याच वेळात सेकंदाला ७ मीटर या वेगाने नऊ-सव्वानऊ मीटरच कापू शकतो, आणि तेही चेंडू कोठे चालला आहे हे कळायला काहीच वेळ लागला नाही असे गृहीत धरले तर. म्हणजे शर्यत माणसाची चेंडूशी असेल, तर माणूस ती दर वेळी हरणार. अर्धा तास अशी शर्यत हरत राहिलेला बचावपटू पायांनी दमतोच, पण त्याआधी मनाने दमतो. त्याचे अवधान सुटते, दोन पावले टाकायची ती एकच टाकतो, आणि त्याच्या नि त्याच्या जोडीदाराच्या मधोमध एक फट पडते. ती फट पडेपर्यंत चेंडू फिरवीत राहण्याचा संयम, हेच या खेळाचे मर्म होय.

यासाठी खेळाडूंची उभारणी त्रिकोणांची असावी लागते, कारण चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याला प्रत्येक क्षणी निदान दोन वाटा मोकळ्या हव्यात. सरळ रेषेत उभ्या असलेल्या तिघांपैकी मधल्याला अडविले की वाट बंद होते. त्रिकोणात एक बाजू अडली तरी दुसरी उरते. स्वयंपाकघरात भांडी मांडणाऱ्या गृहिणीला जशी कोणती वस्तू हाताशी हवी हे न पाहता कळते, तसे या खेळाडूंना आपला जोडीदार कोठे असेल हे मान न वळविता कळले पाहिजे. आणि ही जाण वर्षानुवर्षांच्या सरावावाचून येत नाही.

ही कल्पना नवी नाही. १८७२ साली ग्लासगोत पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा इंग्रज खेळाडू एकेकट्याने चेंडू रेटीत धावत असत, आणि त्यांच्याहून अंगाने हलके असलेल्या स्कॉटिश खेळाडूंनी तो एकमेकांत वाटून घेऊन त्यांना गोलशून्य बरोबरीत रोखले. आपल्याकडे हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी आखूड पासांची शिस्त भारतीय संघाला लावली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो संघ चौथ्या क्रमांकावर आला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविताना मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीयाने तीन गोल केले, हे आज फार थोड्यांना आठवते आणि त्याचे मला वाईट वाटते.

३. ढाल म्हणून चेंडू

ताब्याचा दुसरा लाभ सामान्य प्रेक्षकाच्या ध्यानात सहसा येत नाही. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत प्रतिपक्षाला गोल करता येत नाही, ही गोष्ट ऐकायला बाळबोध वाटते. पण स्पेनने २०१० चा विश्वचषक याच बाळबोध सत्यावर जिंकला. सात सामन्यांत त्यांनी केवळ ८ गोल केले. पोर्तुगाल, पॅराग्वे, जर्मनी आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्स, या चौघांनाही त्यांनी १-० असेच नमविले, आणि या चारही बाद सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही. लोकांना तो संघ आक्रमणाचा पुतळा वाटला. माझ्या मते तो त्या काळातला सर्वांत भक्कम बचाव होता, आणि त्याची तटबंदी चेंडूची होती. एक गोलाची आघाडी मिळाली की चेंडू फिरवीत स्वतः श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याला धावायला लावायचे, ही विश्रांतीची सोय दुसऱ्या कोणत्याही डावपेचात नाही.

कबड्डीशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांची मुदत असते. बास्केटबॉलमध्येही नेमक्या सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. फुटबॉलच्या नियमांत मैदानातल्या खेळाडूंवर अशी मुदत नाही. ताब्याला कायद्याने कालमर्यादा नसलेला हा खेळ आहे, आणि म्हणूनच त्यात ताबा हे धोरण होऊ शकते.

४. दहा पासांची साखळी

एवढे लाभ असताना सगळेच संघ असे का खेळत नाहीत? या प्रश्नाचे पहिले उत्तर शुद्ध अंकगणितात आहे. समजा, एखाद्या संघाचे शंभरांतील ९० पास अचूक पडतात. ऐकायला हा आकडा उत्तम वाटतो. परंतु गोलापर्यंत पोहोचायला लागोपाठ दहा पास बिनचूक व्हावे लागत असतील, तर नव्वद टक्क्यांचे नव्वद टक्के, त्याचे पुन्हा नव्वद टक्के, असे दहा वेळा करीत गेल्यावर हाती उरतात अवघे ३५ टक्के. म्हणजे शंभर साखळ्यांपैकी ६५ वाटेतच तुटणार. अचूकता ९५ टक्के असेल तर ६० साखळ्या पूर्ण होतात. ८० टक्के असेल तर जेमतेम ११. पायातील कौशल्याचा किंचित फरक साखळीच्या लांबीमुळे किती प्रचंड होतो, हे यावरून दिसते. एकाच चालीने खेळणाऱ्या दोन संघांपैकी एक राजासारखा आणि दुसरा रंकासारखा का दिसतो, याचेही रहस्य यातच आहे. माझ्या त्या छोट्या मित्राच्या संघाची अचूकता मी मोजलेली नाही, पण सरोजिनी नगरच्या त्या खडबडीत, मध्येच गवताचे पुंजके असलेल्या मैदानावर ती ८० टक्क्यांच्या वर जाणे कठीण होते.

मैदानाचा हा मुद्दा क्षुल्लक समजू नये. लखनौ शहराच्या मध्यभागी ज्यांच्या नावाचे क्रीडागार आहे, ते बाराबंकीचे कुंवर दिग्विजय सिंग, अर्थात के. डी. सिंग ‘बाबू’, हे १९५२ साली हेलसिंकीत हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार होते. चेंडू काठीला चिकटवून ठेवणे, आखूड पास, त्रिकोणांची गुंफण, ही जी भारतीय हॉकीची कीर्ती होती, तिच्या श्रेष्ठ प्रतिनिधींत त्यांची गणना होते. फुटबॉलमध्ये आज जिला ताब्याची शैली म्हणतात, तिची ही थोरली बहीणच म्हणावी लागेल. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम पृष्ठभागावर खेळली गेली, आणि वर्षभरापूर्वी विश्वचषक जिंकलेला भारत तेथे सातवा आला. त्या ऱ्हासाला अनेक कारणे होती. परंतु गवतावर तयार झालेली बोटांची आणि मनगटांची भाषा त्या वेगवान पृष्ठभागावर अपुरी पडली, हे त्यांतले एक मोठे कारण होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ताब्याची शैली जमिनीवर अवलंबून असते. जमीन बदलली की तिला नवे शिक्षण घ्यावे लागते. के. डी. सिंग बाबू क्रीडागारातच २ सप्टेंबर २०२४ रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना झाला, तेव्हा फुटबॉल पाहायला जमलेल्या लखनौकरांना बाबूंचे हे नाते कोणी सांगितले असते, तर किती बरे झाले असते.

५. निसटल्यानंतरची पाच सेकंदे

साखळी तुटणार, हे गृहीतच आहे. ती तुटते त्या क्षणी काय होते, हा खरा प्रश्न. ताबा राखणारा संघ मैदानभर पसरलेला असतो. त्रिकोण मोठे व्हावेत म्हणून त्याचे दोन्ही कडांचे बचावपटू पुढे सरकलेले असतात. मंदार राव देसाई हा गोमंतकीय खेळाडू पूर्वी आघाडीच्या कडेला खेळत असे. सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने त्याला डाव्या बगलेचा बचावपटू केले, ते यासाठीच की बचावाच्या जागेवरून निघून त्याने आक्रमणात भर घालावी. अशा वेळी चेंडू गेला, तर मागे उरतात दोन मधले बचावपटू आणि गोलरक्षक, आणि त्यांच्या पुढे अर्धे मैदान मोकळे. घरातील सारी कर्ती माणसे शेतावर गेलेली असताना दाराशी पाहुणा यावा, तशी ही स्थिती. आणि पाहुणा तर दार फोडणारा.

यावर दोन इलाज आहेत. एक म्हणजे चेंडू जाताच पाच-सहा सेकंद सगळ्यांनी मिळून त्याच्यावर तुटून पडायचे आणि प्रतिपक्षाने मान वर करायच्या आत तो परत घ्यायचा. पेप ग्वार्डिओला यांच्या बार्सिलोनाने २००९ आणि २०११ साली युरोपचे अजिंक्यपद मिळविले, ते नाजूक पासांइतकेच या झडपेच्या बळावर. दुसरा इलाज म्हणजे, झडप जमली नाही तर धावत मागे येणे, आणि प्रसंगी बेकायदा अडथळा करून वेळ काढणे. पहिल्याला फार दम लागतो, दुसऱ्यात पंचाचे कार्ड वाट पाहत असते.

लोबेरा यांच्या एफसी गोवाने या शैलीचे यश आणि तिचा धोका, हे दोन्ही अनुभवले. २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये त्या संघाने १८ साखळी सामन्यांत ४६ गोल केले आणि त्याच वर्षी सुरू झालेली साखळी विजेत्याची ढाल पटकावली. त्या मोसमाच्या अखेरीस लोबेरा पदावर नव्हते, पण घडण त्यांचीच होती. इतके गोल करणारा हा संघ उपांत्य फेरीत मात्र चेन्नईयिनकडून पहिल्या सामन्यात १-४ असा हरला. परतीच्या सामन्यात ४-२ असे जिंकूनही एकूण बेरीज ५-६ झाली आणि अंतिम फेरीचे दार बंद झाले. दोन सामन्यांत पाच गोल करूनही बाहेर पडणाऱ्या संघाला गोल कसे करावेत, हे शिकविण्याची गरज नसते.

६. फातोर्ड्याची रात्र

पुढच्या मोसमात लोबेरा मुंबई सिटीत आले. मंदार, मोरोक्कोचा अहमद जाहू, ह्यूगो बूमू आणि मुर्तदा फॉल हेही गोव्यातून त्यांच्यामागे आले. महामारीमुळे २०२०-२१ चा सबंध मोसम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी, प्रेक्षकांवाचून खेळला गेला. आरडाओरडा नसलेल्या त्या रिकाम्या सज्जांमुळे डावपेचाचा सांगाडा जणू उघडा पडला होता. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाला त्या मोसमाइतके चांगले पाठ्यपुस्तक आपल्या देशात दुसरे मिळणार नाही, असे मला वाटते.

मुंबईच्या रचनेचा कणा जाहू होता. दोन बचावपटूंच्या पुढे उभे राहून चेंडू घ्यायचा, मान फिरवून मैदान न्याहाळायचे आणि पुढची वाट ठरवायची, असे त्याचे काम. महसुली भाषेत सांगायचे तर तो या संघाचा मामलेदार होता, प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून गेल्यावाचून पुढे सरकत नसे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी या संघाने ओडिशाचा ६-१ असा पाडाव केला. परंतु त्याआधी ३० जानेवारीस नॉर्थईस्ट युनायटेडने, खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली, सुरुवातीच्या दहा मिनिटांतच देशॉर्न ब्राउनच्या दोन गोलांनी मुंबईला चकित केले होते आणि सामना २-१ असा जिंकला होता. जमील हे मुंबईतच घडलेले प्रशिक्षक. चेंडू दुसऱ्याला देऊन जागा आपण राखायची, या शाळेचे ते पटाईत विद्यार्थी.

त्याच शाळेचे आचार्य म्हणजे अंतोनिओ लोपेस हाबास, एटीके मोहन बागानचे त्या वेळचे प्रशिक्षक. साखळीअखेर मुंबई आणि मोहन बागान या दोघांचेही गुण ४० झाले. परस्परांतील दोन्ही सामने, ११ जानेवारीचा १-० आणि २८ फेब्रुवारीचा २-० असा, मुंबईने जिंकले असल्यामुळे ढाल तिच्याकडे गेली. मग १३ मार्च २०२१ रोजी, फातोर्ड्याला, अंतिम सामन्यात हेच दोघे तिसऱ्यांदा समोरासमोर आले.

अठराव्या मिनिटाला जे घडले, त्यात मागच्या भागांतले सारे विवेचन साठविलेले आहे. मुंबई आपल्याच गोलासमोर सावकाश चेंडू फिरवीत होती. चेंडू जाहूकडे आला. मोहन बागानचा रॉय कृष्णा त्याच्यावर झेपावला, जाहूच्या पायातून चेंडू सुटला आणि डेव्हिड विल्यम्सने तो जाळ्यात धाडला. ज्या मामलेदाराच्या हाताखालून सगळे कागद जातात, त्याचाच हात धरला की कचेरी बंद पडते, हे हाबास यांनी ओळखले होते. मागून खेळ रचण्यात चुकीची जागा आपल्या गोलापासून वीस-पंचवीस मीटरांवर असते. तेथे गेलेला चेंडू परत मिळवायला पाच सेकंद कोठून मिळणार?

यानंतर झालेली गोष्ट मला अधिक बोधप्रद वाटते. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूने आखूड पासांचा नाद सोडून आपल्या अर्ध्या भागातून बिपिन सिंगच्या धावेच्या दिशेने एक लांब, उंच चेंडू टाकला. तो अडविण्याच्या प्रयत्नात मोहन बागानचा बचावपटू तिरी याचे डोके लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. पुढे मध्यंतराच्या सुमारास मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे टक्कर होऊन कोसळला, त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले, आणि काही काळ मैदानावरच्या कोणाचेच लक्ष गुणफलकाकडे नव्हते. शेवटी नव्वदाव्या मिनिटाला मोहन बागानच्या गोलासमोर आलेला चेंडू गोलरक्षक अरिंदम भट्टाचार्यच्या हाती नीट आला नाही, मुंबईच्या ओगबेचेने तो उचलून बिपिनकडे दिला, आणि बिपिनने मुंबईला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले.

ताब्याच्या बळावर मोसमभर नाव कमावलेल्या संघाने अंतिम सामना जिंकला तो एका लांब चेंडूवर आणि एका गडबडीच्या क्षणावर, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. जाहूचा तो लांब पास यशस्वी झाला, कारण प्रतिपक्ष त्याच्या आखूड पासांची वाट पाहत उभा होता. ज्याने सतत जवळचे दिले, त्यानेच अचानक दूरचे द्यावे, यात धोरण आहे. ज्याला दूरचेच देता येते, त्याच्या लांब पासाचे कोणाला नवल वाटत नाही.

७. भिंत, आणि समेवर न येणारी बढत

राहिली ती या शैलीची सर्वांत मोठी दुबळी बाजू. प्रतिपक्षाने चेंडूचा लोभच सोडला, दहा माणसे आपल्या गोलापुढे दोन रांगांत दाटीने उभी केली, तर फट पडायची कोठे? बाजूबाजूने चेंडू इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहतो. टक्के वाढतात, पास हजारावर जातात, आणि गोल होत नाही.

१९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज या संगीत विद्यालयाची स्थापना करण्यात वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंडे यांचा मोठा वाटा होता, आणि त्यामुळे या शहरातील मराठी माणसाला ख्यालाची उपमा दूरची वाटत नाही. विलंबित ख्यालात गायक एकेका स्वराने रागाची बढत करतो, जागा वाढवीत नेतो, श्रोत्याला तिष्ठत ठेवतो. पण त्या साऱ्या विस्ताराला अर्थ येतो तो समेवर आल्यामुळे. समेची जाणीवच हरवलेली बढत कितीही सुरेल असली तरी तिला गाणे म्हणवत नाही. मॉस्कोतील स्पेन तसा होता. त्याचा एकुलता गोलदेखील रशियाच्या इग्नाशेविचच्या स्वयंगोलामुळे मिळाला होता. १ डिसेंबर २०२२ रोजी जपानने त्याच स्पेनला २-१ असे हरविले, तेव्हा जपानकडे चेंडू १८ टक्क्यांहूनही कमी वेळ होता; मध्यंतरानंतरच्या सहा-सात मिनिटांत त्यांनी जी चढाई केली, तेवढी त्यांना पुरली.

म्हणून हल्ली जाणते लोक ताब्याच्या टक्क्यांपाशी न थांबता ‘अपेक्षित गोल’ नावाचा आकडा पाहतात. आपल्या महसूल खात्यात उभ्या पिकाची आणेवारी काढीत असत. रान पाहून, कणसे पाहून, साधारण वर्षात जेवढे येते त्याच्या किती आणे पीक येईल याचा अंदाज बांधीत. तसेच येथे प्रत्येक फटक्याची जागा, कोन आणि अंतर पाहून, तशा जागेवरून मारलेल्या शंभर फटक्यांतून सरासरी किती गोल होतात, यावरून त्या फटक्याचे मोल ठरवितात. पेनल्टीचे मोल पाऊण गोलाच्या आसपास येते, तीस मीटरांवरून मारलेल्या फटक्याचे काही शतांश. सामन्यातील सगळ्या फटक्यांची बेरीज केली की कळते, कोणाच्या शेतात खरोखर पीक उभे होते आणि कोणी नुसती वहिवाट केली. आणेवारीप्रमाणेच हा अंदाज चुकू शकतो. पण ताब्याच्या टक्क्यांपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे.

८. त्या मुलाला दिलेले उत्तर

मी त्या मुलाला एवढेच विचारले की तुमचे पास झाले ते मैदानाच्या कोणत्या भागात? तो विचारात पडला आणि म्हणाला, “बहुतेक आमच्याच बाजूला. पुढे गेलो की तो मोठा पोरगा चेंडू काढून घ्यायचा.” मग पायरीवर खडे मांडून आम्ही त्याचा संघ उभा केला, आणि त्याचे त्यालाच दिसले की कडेचे दोघेही एकाच वेळी पुढे पळत होते आणि चेंडू गेला की मागे त्यांचा गोलरक्षक आणि एक खडा, एवढेच उरत होते. एकाने जावे, दुसऱ्याने थांबावे, हा तोडगा त्याने स्वतः सुचविला. तो बरोबर होता; मोठमोठे प्रशिक्षकही पुष्कळदा हेच करतात.

ताब्याची शैली श्रेष्ठ की कनिष्ठ, असे मला कोणी विचारले, तर माझे मत असे की कुशल पाय, सपाट मैदान, चेंडू गेल्यावर झडप घालण्याचा दम आणि भिंतीसमोर धोका पत्करण्याचे धैर्य, या चार गोष्टी असतील तर तिच्यासारखी शैली नाही; चौथी नसेल, तर पहिल्या तिन्ही वाया जातात. वाचकांनी पुढचा सामना पाहताना पडद्याच्या कोपऱ्यातील टक्क्यांचा आकडा हाताने झाकून घ्यावा, आणि ज्या क्षणी चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो, त्या क्षणी चेंडूकडे न पाहता सर्वांत मागे उभ्या असलेल्या दोन खेळाडूंकडे पाहावे. हाबास यांचे संघ त्या दोघांना क्वचितच एकटे सोडीत. फातोर्ड्याचा तो सामना हरल्यानंतर काही वर्षांनी ते याच उत्तर प्रदेशात, वाराणसीच्या इंटर काशी संघाचे प्रशिक्षक झाले, आणि २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद क्रीडा लवादाच्या निवाड्याने त्या संघाकडे आले.